लाफ्रोइगची कॉपी

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एक बेट आहे, त्याचं नाव आयला. खोटं वाटत असेल तर नकाशा उघडा. स्पेलिंगमधला 'एस' उच्चारायचा नसतो, त्यामुळे उरतं ते अस्सल मराठी आयला! ग्लासगोच्या ऑफिसात हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मी दचकून मागे बघितलं होतं, आपल्याकडचं कोण आलं म्हणून :-)

बोलणारे होते आमच्या क्लायंटकडचे एक गृहस्थ. वय 61. इथे त्यांना आजोबा म्हणू. 2007 साली मी सहा आठवड्यांसाठी तिकडे गेलो होतो, केटी घ्यायला. आयटीवाल्यांना केटी समजावायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: नॉलेज ट्रान्सफर. म्हणजे आजोबांनी 20 वर्षं सांभाळलेली बिलिंग सिस्टिम मी सहा आठवड्यांत लिहून घ्यायची, पुण्याला आणायची, आणि मग आजोबांनी घरी बसायचं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी रोज सकाळी नऊ वाजता आम्ही एकमेकांना हसून गुड मॉर्निंग म्हणायचो.

दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी मला पबमध्ये नेऊन लाफ्रोइग पाजली. पहिला घोट घेतला आणि मला थेट सरकारी दवाखाना आठवला. फिनेलने पुसलेली फरशी, बँडेज, टिंक्चर आयोडीन. लोक पैसे देऊन हे पितात?

हा वास पीटच्या धुराचा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेलं शेवाळ, गवत, झुडपं. आयलावर झाडं कमी, म्हणून जळण तेच. मोड आलेली बार्ली त्याच्या धुरावर वाळवतात. धुरातलं फिनॉल दाण्यांत उतरतं आणि तिथून पार बाटलीपर्यंत येतं. तेव्हा फिनेल आठवलं त्यात माझं फारसं चुकलं नव्हतं.

माझं तोंड बघून आजोबा खूष झाले. म्हणाले, "शेजारच्याने हीच चव चोरायला अख्खी डिस्टिलरी बांधली होती. जमलं नाही त्याला."

ती गोष्ट मी नंतर वाचून पडताळली. खरी आहे. डोनाल्ड आणि अलेक्झांडर जॉन्स्टन या भावांनी 1815 साली लाफ्रोइग सुरू केली. (डोनाल्ड 1847 साली आपल्याच डिस्टिलरीतल्या पिंपात पडून गेला. असो.) शेजारी, चालत जाण्याच्या अंतरावर, लागावूलिन. तिचा मालक पीटर मॅकी, 'व्हाइट हॉर्स' ब्लेंडवाला, मोठा माणूस. लाफ्रोइग विकण्याची एजन्सीही बरीच वर्षं त्याच्याच कंपनीकडे होती. 1907 साली ती एजन्सी गेली. कोर्टकचेरी झाली, मॅकी हरला. मग या बहाद्दराने काय करावं? लाफ्रोइगला पाणी देणारा ओढाच दगड टाकून अडवला! बांधावरून भांडणारे भाऊबंद आपल्याकडेच असतात असं मला उगाच वाटायचं. पुन्हा कोर्ट, पुन्हा हार, पाणी सोडावं लागलं.

मग 1908 साली त्याने लागावूलिनच्या आवारातच दुसरी छोटी डिस्टिलरी उभी केली. नाव मॉल्ट मिल. काम एकच, लाफ्रोइग बनवणं. तांब्याची भांडी हुबेहूब तशीच घडवून घेतली. लाफ्रोइगचा ब्रुअर फोडून आणला. बेट तेच, समुद्राचा वारा तोच. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर तेच, सोर्स कोडही हातात आणि डेव्हलपरसुद्धा पळवलेला. तरी बाहेर आली ती वेगळीच व्हिस्की. वाईट नसावी, कारण मॉल्ट मिल 1962 पर्यंत चालली, पण ती लाफ्रोइग नव्हती. कारण म्हणून बहुतेक जण पाणी आणि पीट यांच्याकडे बोट दाखवतात. मॅकी 1924 मध्ये वारला.

ही गोष्ट आजोबांनी मलाच का सांगितली, हे कळायला मला सोमवार उजाडावा लागला. समोर माझं केटीचं टेम्प्लेट उघडं होतं, आणि त्या गोष्टीतला मॅकीचा माणूस मी होतो.

पण लाफ्रोइगमध्ये मला सगळ्यात आवडते ती बेसी विल्यम्सन. ग्लासगो युनिव्हर्सिटीची पदवीधर. 1934 च्या उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या टायपिंगच्या कामासाठी बेटावर आली. चक्क टेम्प! मालक तेव्हा इयन हंटर, जॉन्स्टन घराण्यातलाच. हा गडी महा संशयी, आपली पद्धत कुणाला दाखवायचा नाही. अमेरिकेत दारूबंदी असताना त्याने लाफ्रोइग औषध म्हणून तिकडे विकली असं सांगतात. वास घेतल्यावर कुठला कस्टमवाला नाही म्हणेल? तर असा हा हंटर. 1938 साली त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि एकेक काम बेसीकडे येत गेलं. 1954 साली तो गेला. मूलबाळ नव्हतं, डिस्टिलरी त्याने बेसीला देऊन टाकली. पुढे पैसा उभा करायला तिने ती टप्प्याटप्प्याने मोठ्या कंपनीला विकली, पण कारभार 1972 पर्यंत तिनेच बघितला. तीन महिन्यांच्या कामाला आलेली बाई 38 वर्षं राहिली. तिची केटी 20 वर्षं चालली होती म्हणा ना.

पाचव्या वीकेंडला मी आयलाला जाऊन आलो. आधी बस, मग केनाक्रेगहून दोन तासांवर बोट. पोर्ट एलनहून लाफ्रोइग चालत अर्धा तास. 1994 पासून त्यांची एक योजना आहे: बाटली घेऊन नाव नोंदवलं की समोरच्या माळावरची एक चौरस फूट जागा तुमच्या नावे. भाडं म्हणून तिथे गेलात की एक पेग मिळतो. गुंठ्याला 1089 फूट, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. सातबारा नाही, सर्टिफिकेट मिळतं. मी भाडं वसूल केलं. या वेळी दवाखाना जरा कमी आठवला. तिथून पुढे लागावूलिनला गेलो. मॉल्ट मिलच्या इमारतीत आता पाहुण्यांचं स्वागत होतं. मी तिथल्या खुर्चीत बराच वेळ नुसता बसून होतो.

सहावा आठवडा संपला. माझं डॉक्युमेंट 140 पानांचं झालं, साइन-ऑफ मिळाला, मॅनेजरचं कौतुकाचं मेल आलं. आजोबांनी निरोपाच्या दिवशी मला घरचा नंबर लिहून दिला. मी तो पाकिटात ठेवला आणि वापरायचा नाही असं ठरवलं.

पहिल्याच महिनाअखेरीला बिलिंग रन अडकला. पुण्यात रात्रीचे साडेबारा. 140 पानं दोनदा चाळून झाली होती. शेवटी लावला फोन. टीव्हीचा आवाज येत होता. मी चाचरत सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "आधी बघ, वर कुणी पाणी तर अडवलं नाहीये ना?"

अडवलंच होतं. ज्या सिस्टिमकडून फाइल यायची, तिथल्या लोकांना महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी फोन करून आठवण द्यावी लागायची. आजोबा ती 20 वर्षं देत होते. माझ्या टेम्प्लेटमध्ये तसा रकानाच नव्हता, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.