जॅक

यंत्रांशीं आमची सलगी कधींच जमली नाहीं. पंचवीसांहून अधिक वर्षें इंग्रजी काव्य शिकविण्यांत गेलीं. मोटार आम्हांला चालवितां येते. पण तिच्या पोटांत काय चाललें आहे याची चौकशी करणें म्हणजे परक्याच्या माजघरांत डोकावणें, अशी आमची समजूत होती. गेल्या आषाढांत रामटेकच्या वाटेवर हा सभ्यपणा आम्हांला फार महाग पडला असता.

आषाढाचा पहिला दिवस होता. कालिदासाचा रामगिरि तो हाच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचें प्रतिपादन. तेव्हां त्या दिवशीं गडावरून मेघ पाहावा ही आमची जुनी हौस. बरोबर पत्नी होती आणि ऐंशी वर्षांची आई. मनसरचा फाटा सोडून थोडें पुढें गेलों, तोंच मागचें डावें चाक बसलें. यक्षाला या डोंगरावर एक वर्ष काढावें लागलें; आमचें अर्ध्या तासांत आटोपेल अशा विश्वासानें आम्हीं गाडी रस्त्याखालीं घेतली. पाऊस भुरभुरत होता, म्हणून आईला आंतच बसूं दिलें. चुकांची सुरुवात तेथें झाली.

गाडीबरोबर मिळणारा कात्री-जॅक वाचकांनीं पाहिला असेल. चार लोखंडी पट्ट्यांचा समभुज चौकोन, आणि त्याच्या आडव्या कर्णांतून गेलेलें मळसूत्र. दांडा फिरविला कीं आडवा कर्ण आखडतो, उभा वाढतो, आणि गाडी उचलली जाते. हात सोडला तरी ती खालीं येत नाहीं, कारण आट्यांचा उतार इतका मंद असतो कीं घर्षण त्याला पुरून उरतें. आम्हीं दांडा फिरविला, चाक काढलें. तेवढ्यांत एक नट घरंगळत गाडीखालीं गेला. आम्हीं गुडघे टेकून हात आंत घातला.

"साहेब, पयले हात काढा जी तेथून!"

धानाच्या बांधीवरून एक शेतकरी ओरडत येत होता. त्या स्वरांत असें कांहीं होतें कीं आम्हीं विचार न करतां हात काढला. त्याच क्षणीं जॅक कलला आणि गाडी उघड्या ड्रमावर धपकन् बसली. जेथें आमचा उजवा हात होता तेथें चिखल उडाला.

"काय रे, कांहीं पडलं का?" आंतून आईनें विचारलें. आमच्यानें उत्तर देववेना.

त्या गृहस्थानें आधीं आईला उतरवून छत्रीखालीं उभें केलें, पुढच्या चाकाला धोंडे लावले आणि कोठून तरी हातभर लांबरुंद फरशी आणली. ओल्या काळ्या मातींत जॅकचा पाय रुतला होता, हें त्याला लांबूनच दिसलें होतें. आम्ही तर त्याच्या शेजारीं बसलों होतों! मागून हिशेब केला तेव्हां अंगावर कांटा आला. त्या कोपऱ्यावर 300 किलो भार धरला आणि जॅकचा तळ 100 चौरस सेंटिमीटर, तर दाब चौरस सेंटिमीटरला 3 किलो होतो. टायरचा सुमारें 2. जी माती चाकाला पेलते ती जॅकला पेलेलच असें नाहीं. फरशीनें तोच दाब कितीतरी पटींनीं उतरला. शिवाय हा चौकोन आपल्या पातळींत कितीहि बळकट असला तरी बाजूनें रेटा आला कीं लुळा.

दुसऱ्यांदा गाडी उचलतांना आम्हां दोघांनाहि घाम फुटला. जॅक जवळजवळ मिटलेला होता. पट्ट्या जमिनीशीं 15 अंशांवर असतांना 300 किलोंसाठीं मळसूत्राला सुमारें 1100 किलोंची ओढ सोसावी लागते. 45 अंशांवर तीच 300 वर येते. म्हणून आरंभीं दांडा जड, पण गाडी भरभर चढते. पुढें दांडा हलका आणि चढण मंद. इतका चोख व्यवहार आम्हीं माणसांतहि थोडाच पाहिला आहे.

घरीं आल्यावर मुलगा म्हणाला, जॅक गाडीलाच कायमचा जोडलेला असावा. कल्पना नवी नव्हे. 1930 नंतरच्या दशकांत कांहीं विलायती मोटारींच्या सांगाड्यालाच 'जॅकऑल' नांवाचे तेलाच्या दाबावर चालणारे जॅक बसविलेले असत; ल मां येथील शर्यतीच्या गाड्या दाबलेल्या हवेनें स्वतःच उचलल्या जातात. कात्री-जॅक तसा जोडला तर त्याचा माथा घसरणार नाहीं, आणि आमच्या वयाच्या माणसाला चिखलांत वांकावें लागणार नाहीं, हा लाभ लहान नव्हे. पण खड्ड्यांतून जातांना तो आपटूं नये म्हणून अगदीं चपटा मिटवावा लागेल. कोन 10 अंशांवर आला कीं ओढ 1700 किलोंवर जाते, तेव्हां मळसूत्र जाड हवें, फिरवायला बहुधा विजेची मोटरहि हवी. त्यांत गाडीखालीं बारमाही धूळ आणि चिखल, म्हणजे आटे गंजणार. आणि एवढें करून पाय टेकायचा तो त्याच मातींत. आम्हांला ही योजना पटली नाहीं. मुलाला अजून पटते.

त्या दिवशीं गडावर पोंचेपर्यंत अंधार पडला. मेघ दिसलेच नाहींत. निघतांना शेतकऱ्यानें फरशी आमच्याच गाडींत टाकली, पैशांना हात लावला नाहीं. मुलानें परवां तिच्याऐवजीं सागाची फळी आणून ठेवली. फळी हलकी आहे, नीट कापलेली आहे. फरशी आम्हीं अजून काढलेली नाहीं.