मंगला गौरीच्या वाटेवर जोड-बाबागाडी?

लग्नानंतर पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पुजायची आणि मग उद्यापन करून आईला वाण द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. पहिल्या पूजेला नवी नवरी असलेली मुलगी उद्यापनापर्यंत पुष्कळदा दोन लेकरांची आई झालेली असते. एक दुडुदुडू धावणारे, एक मांडीवरचे! अशात घरातले कुणी वडीलधारे सुचवते, ‘आता काशीच्या मंगला गौरीलाही जाऊन या.’ तिकिटे निघतात आणि घरात वेगळीच चर्चा सुरू होते. दोन्ही मुलांना बसवता येईल अशी जोड-बाबागाडी घ्यावी का? घेतली तर शेजारी-शेजारी आसनांची, की मागे-पुढे आसनांची?

दुकानात जाण्यापूर्वी मंगला गौरीची वाट कशी आहे, हे जाणून घेतलेले बरे.

हे मंदिर पंचगंगा घाटाच्या वरच्या बाजूला, घरांच्या दाटीत आहे. काशीखंडातल्या कथेनुसार सूर्याने येथे खडतर तप केले आणि गभस्तीश्वर महादेव व मंगला गौरी यांची स्थापना केली. त्याच्या घामातून किरणा नदी निघाली, अशी समजूत आहे. गंगा, यमुना, सरस्वती, धूतपापा आणि किरणा अशा पाच नद्यांचा संगम मानतात, म्हणून घाटाचे नाव पंचगंगा. काशीच्या नऊ गौरींमध्ये मंगला गौरी आठवी, त्यामुळे चैत्र नवरात्रातल्या अष्टमीला येथे रांग लागते.

मराठी माणसाला हा परिसर परका वाटत नाही. शेजारचे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट ही मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीची ठिकाणे. जवळच बिंदुमाधवाचे मंदिर आहे. मूळ देवालय औरंगजेबाच्या काळात पडले आणि तेथे मशीद उभी राहिली. आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले. घाटावरच्या दगडी दीपमाळेशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे.

पण तिथवर पोचायचे कसे? मोटार वा रिक्षा मैदागिन किंवा विश्वेश्वरगंजच्या आसपास सोडावी लागते. पुढे काळभैरवाच्या बाजूने गल्ल्यांतून पायीच जायचे. खाली दगडी फरश्या, मध्ये पायऱ्या, वळणावर ठाण मांडून बसलेला सांड, आणि एवढ्याशा जागेतून हॉर्न वाजवत घुसणारी मोटारसायकल! शेजारी-शेजारी आसनांच्या गाडीची रुंदी साधारण पाऊण मीटर असते. ती गल्लीत शिरली, तर समोरून येणाऱ्याने कुठे जावे? मागे-पुढे आसनांची गाडी रुंदीला एकेरीइतकीच, पण लांब आणि जड. पायरी आली की तिचे पुढचे चाक उचलताना दोन मुलांचे ओझे हातावर येते. शिवाय घरातली मोठी भावंडे पुढच्या जागेवरून भांडतात ते वेगळेच.

घाटाकडून यावे, तर पंचगंगेच्या पायऱ्या उंच आणि उभ्या. तिथे कोणतीच गाडी कामाची नाही. श्रावणात तर हा विचारही नको. गंगेला पूर आला की खालच्या पायऱ्या बुडतात, घाटाघाटाने चालायची वाट तुटते आणि नावाही बंद ठेवाव्या लागतात. पाणी ओसरल्यावर मागे राहिलेल्या गाळावर मोठ्यांचेही पाय घसरतात.

तिथीचाही एक घोळ होतो. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपल्याकडे अमावास्येनंतर. त्यामुळे तिथला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो आणि आधी संपतो. आपल्या श्रावणातला शेवटचा मंगळवार गाठायचा म्हणून गेलेल्यांना तिथे भाद्रपद लागलेला दिसतो! तिकिटे काढण्यापूर्वी दोन्ही पंचांगे पाहावीत. गर्दी टाळायची असेल, तर हा घोळ सोयीचाही ठरतो.

मग जोडगाडी नेऊच नये का? काशीत तिला जागा आहे, पण ती गल्ल्यांच्या बाहेर. सारनाथची हिरवळ आणि फरसबंद वाटा तिला मानवतात. डिसेंबर 2021 मध्ये खुल्या झालेल्या विश्वनाथ धामामुळे मंदिरालगतचा परिसर ऐसपैस झाला आहे, तरी सुरक्षा तपासणीच्या ठिकाणी गाडी आत नेता येईल का, हे आधी विचारावे. राजघाटाजवळच्या नमो घाटावरही मोकळेपणाने फिरता येते. मात्र चार दिवसांच्या प्रवासात एवढ्यासाठी पंधरा किलोच्या आसपासचे धूड आगगाडीत चढवायचे, हे काही पटत नाही.

त्यापेक्षा छत्रीसारखी मिटणारी हलकी एकेरी गाडी थोरल्यासाठी आणि कापडी झोळी धाकट्यासाठी, ही जोडी बरी. मिटणाऱ्या गाडीचा जनक ओवेन मॅकलॅरन हा ब्रिटिश विमान-अभियंता. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्याने काम केले होते. 1965 च्या सुमारास त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, जेमतेम तीन किलोची गाडी तयार केली. गल्लीच्या तोंडाशी ती मिटून खांद्याला लावता येते आणि थोरल्याला बाबांच्या पाठुंगळी बसता येते. मात्र सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा गाडीत बसते ठेवू नये. त्याला पाठ सपाट टेकता येईल असेच आसन हवे. झोळीतही त्याचा चेहरा आईला दिसत राहावा, हनुवटी छातीवर टेकू नये. उन्हासाठी गाडीवर दुपटे टाकून ती पूर्ण झाकणे धोक्याचे असते, कारण आत हवा कोंडून उष्णता वाढते.

घरी रोजच्या वापरासाठी जोडगाडी घ्यायची असेल, तर हिशेब निराळा. लिफ्टचे दार, बाथरूमकडचा बोळ, मोटारीची डिकी यांचे माप टेपने घ्यावे आणि ते घेऊनच दुकानात जावे. गाडी दोन्ही मुलांना बसवून वळवून पाहावी. थोरले अडीच-तीन वर्षांचे असेल, तर एकेरी गाडीच्या मागे जोडायची उभी राहण्याची फळीही पुरते. तशा फळ्या बहुधा वीस किलोपर्यंतच्या मुलांसाठी असतात.

जमत असेल, तर काशीला कार्तिकात जावे. पाणी उतरलेले असते, ऊन सोसवते, धाकटेही दोन-तीन महिन्यांनी मोठे झालेले असते. संध्याकाळी पंचगंगा घाटावर उंच बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढवले जातात. मंदिरात दर्शनाला एकाने जावे, दुसऱ्याने मुलांना घेऊन बाहेर थांबावे, मग पाळी बदलावी. दूध, पाणी आणि कोरडा खाऊ जवळ ठेवावा, पण पिशवी बंद असू द्यावी. गल्लीतली माकडे केळी पाहून खांद्यापर्यंत येतात.