कंपनी विकली जाते तेव्हा कामगाराची फाइल कोण वाचतं?

पोस्ट मोठी आहे. पण एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घरातलं कुणी तिथे जातं त्यांनी जरूर वाचा.

काही वर्षांपूर्वी मी पुण्याजवळच्या एका कंपनीत अकाउंट्स बघत होतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. मालकांनी ती विकायचं ठरवलं. कंपनीत हे माहीत असलेली माणसं चार-पाचच. त्यात मी, कारण डेटा रूम भरायचं काम माझ्याकडे आलं.

डेटा रूम म्हणजे काय ते आधी सांगतो. पूर्वी कंपनी विकायची असली की वकिलाच्या ऑफिसात खरोखरच एक खोली घ्यायचे. तिथे सगळे कागद फायलींत लावायचे आणि घेणाऱ्यांची माणसं दिवसभर वाचत बसायची. आता ती खोली सॉफ्टवेअरमध्ये आली. मी तिथे फोल्डर लावले: एमआयडीसीचा ९५ वर्षांचा भाडेकरार, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं, बँकेची कर्जं, ग्राहकांचे करार, टॅक्सच्या नोटिसा, कोर्टातले दावे. आणि एक फोल्डर कामगारांचा.

कोणाला कुठला फोल्डर दिसेल, कोण नुसतं वाचेल, कोण डाउनलोड करेल, हे सगळं ठरवता येतं. पानावर वाचणाऱ्याचं नाव आणि वेळ उमटते, म्हणजे कागद बाहेर फुटला तर कुणी फोडला ते कळतं. प्रश्न तिथेच विचारायचे, उत्तरं तिथेच द्यायची. कुणी कोणता कागद कधी उघडला याची नोंद राहते. विकणारा ती नोंद बघून समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधतो. सोय उत्तम आहे. माझी तक्रार सॉफ्टवेअरबद्दल नाही.

कामगारांच्या फोल्डरमध्ये काय होतं? प्रत्येकाचं वय, रुजू झाल्याची तारीख, पगार, पीएफची चलनं, युनियनबरोबरचा करार, ठेकेदाराच्या माणसांची हजेरी, अपघातांच्या नोंदी. आधार आणि बँक खात्याचे नंबर आम्ही झाकून टाकले होते. समोरून प्रश्न यायला लागले. पन्नाशीच्या पुढचे किती? ग्रॅच्युइटीचा बोजा किती? स्वेच्छानिवृत्ती द्यायची म्हटलं तर खर्च किती? ठेकेदाराची माणसं 'कायम करा' म्हणून दावा लावतील का?

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. कामगाराच्या हिशेबात ती म्हातारपणाची पुंजी. सौद्याच्या तक्त्यात मात्र किमतीतून वजा होणारा आकडा. यात घेणाऱ्याचं काही चुकत नाही. शेअर विकत घेतले की कंपनीची देणीही त्याच्या अंगावर येतात, तो विचारणारच.

पण त्याच दिवसांत टर्निंग सेक्शनमधले एक जुने कामगार, सगळे त्यांना मामा म्हणायचे, चहाच्या वेळी माझ्याकडे आले.

"साहेब, हे पाहुणे कोण येऊन जातात? कंपनी विकताय का?"

मी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली. म्हटलं, "मामा, काही असलं तर मालक सांगतील."

"नाही, पतपेढीतून घरासाठी कर्ज काढायचंय. पाच वर्षं हप्ता जाईल. म्हणून विचारलं."

मामांचं वय, पगार, ग्रॅच्युइटी ज्यांना माहीत होती त्यांनी मामांना कधी बघितलंही नव्हतं. आणि मामांना एवढंसुद्धा कळायची सोय नव्हती की आपली फाइल कुणीतरी वाचतंय. सौदा पूर्ण झाल्यावर नोटीस बोर्डावर एक पान लागलं. तेही इंग्रजीत. मामांनी तोवर कर्जाचा अर्ज मागे घेतला होता.

आता दुसरी बाजू बघा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत कुणी २५ टक्के किंवा जास्त मताधिकार घ्यायला निघालं, तर सेबीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे त्याला बाकीच्या भागधारकांसाठी खुला प्रस्ताव आणावा लागतो. त्याचं सविस्तर निवेदन इंग्रजी-हिंदी दैनिकांबरोबर, कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय जिथे असेल तिथल्या भाषेतल्या दैनिकातही छापावं लागतं. म्हणजे पुण्यातल्या कंपनीचे दहा शेअर घेऊन ठेवलेल्या आजोबांना मराठीत कळवायची सोय कायद्याने केली आहे. तीस वर्षं लेथवर उभं राहिलेल्या माणसासाठी मात्र शेअरच्या सौद्यात अशी सोय नाही. कागदोपत्री मालक तीच कंपनी राहते, नोकरी चालू राहते, मग कळवायचं कशाला, असा हिशेब.

गुप्तता लागते हे मला मान्य आहे. बातमी आधी फुटली तर ग्राहक बिचकतात, चांगली माणसं दुसरीकडे जातात, सौदा मोडला तर नुकसान कामगाराचंही होतं. पण करारावर सह्या होणं आणि सौदा पुरा होणं यात बऱ्याचदा काही आठवडे जातात. तेव्हा तरी सांगा ना!

माझ्या मागण्या तीनच. एक, सह्या होईपर्यंत डेटा रूममध्ये कामगारांची नावं नकोत, नंबर पुरेत. दोन, सह्या झाल्यावर कामगारांच्या प्रतिनिधींना बोलावून मराठीत सांगा: घेणारा कोण, सलग नोकरी धरणार का, ग्रॅच्युइटी कुठून देणार, ठेकेदाराच्या माणसांचं काय. तीन, घेणाऱ्याने याची उत्तरं लेखी द्यावीत. डेटा रूममध्ये त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला आम्ही लेखीच उत्तर दिलं होतं.

युनियनवाल्यांनी पुढच्या पगारकराराच्या वेळी हे कलम मागून बघावं. त्यासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. कुणाच्या कंपनीत असं कलम असेल तर कमेंटमध्ये लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.