पाव गिरकी

याचा एकही फोटो नाही. हा प्रकाश टाकत नाही, शोषत नाही, अडवतही नाही. म्हणजे सावलीसुद्धा नाही. वजन मात्र सुमारे एक लाख कोटी सूर्यांइतकं. आपल्या आकाशगंगेची तबकडी या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण एक लाख प्रकाशवर्षं. हा तिच्या चहूबाजूंना सहा-सात लाख प्रकाशवर्षांपर्यंत पसरून बसलेला. जवळजवळ प्रत्येक दीर्घिकेभोवती असा एकेक असतो. कृष्णद्रव्याचं, म्हणजे डार्क मॅटरचं, प्रभामंडळ.

त्याची ओळख पटली ती दुसऱ्यांच्या वागण्यावरून. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी 1970 साली देवयानी दीर्घिकेतल्या वायूचा वेग मोजला. केंद्रापासून दूर जावं तसा वेग उतरायला हवा होता, तो उतरेना. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ती हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटरच्या लहरी टिपते, आणि हायड्रोजन ताऱ्यांच्या बराच पलीकडे पसरलेला असतो. तोही तिथे भरधाव. कुणीतरी धरून ठेवल्याशिवाय इतक्या वेगानं पळणारा वायू जागेवर राहणार नाही.

इथवर पुष्कळांना ठाऊक असतं. मला उत्सुकता आहे ती त्याच्या स्वभावाची. दुसऱ्यांना एवढं पळवणारा हा स्वतः फिरतो का?

फिरतो, पण कसा ते कळायला लालबागला जावं. अनंत चतुर्दशीला राजा सकाळी मंडपातून निघतो आणि गिरगाव चौपाटीला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो. त्या गर्दीतला एकेक माणूस बघा. कुणी नाचतोय, कुणी उलटा निघालाय, कुणी या फुटपाथवरून त्या फुटपाथवर घुसतोय, कुणी पोराला खांद्यावर घेऊन जागच्या जागी उसळतोय. प्रत्येकाची पावलं मोजली तर कित्येक किलोमीटर भरतील; गर्दी म्हणून जी काही पुढे सरकते ती मुंगीच्या चालीनं. प्रभामंडळाचं तंतोतंत असंच. त्याचे कण सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं धावतात, पण वाटेल त्या दिशांनी. बेरीज करायला बसलं की एकाचं फिरणं दुसरा खोडतो आणि शेवटी चिमूटभर गिरकी हाती लागते.

ती मोजायला जिम पीबल्स यांनी 1969 मध्ये एक आकडा सुचवला. केवळ फिरण्याच्या जोरावर तग धरणाऱ्या तबकडीचा हा आकडा 0.4 च्या आसपास येतो. प्रभामंडळांचा भरतो साधारण 0.035. म्हणजे हा स्वतःच्या वजनाखाली कोसळत नाही तो फिरण्यामुळे नव्हे, आतल्या गोंधळामुळे.

दुसरं एक फिरणं याहून मजेशीर आहे. प्रभामंडळ चेंडूसारखं गोल नसतं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही वेगळ्या. मग कण सोडा, हा लांबोडका आकारच्या आकार वळतो का? जेरेमी बेलिन आणि मथियास स्टाइनमेट्झ यांनी 2004 मध्ये संगणकावरच्या सिम्युलेशनमधल्या शांत, फारशी धडकाधडकी न सोसलेल्या प्रभामंडळांवर हे तपासलं. बहुतेक वळत होती. त्यांनी दिलेल्या मधल्या वेगाचा हिशोब मांडला तर शंभर कोटी वर्षांत सहा अंश येतात. तेवढ्या वेळात आपला सूर्य दीर्घिकेभोवती चार फेऱ्या मारून येतो. विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं. पहिल्या दिवसापासून हा एकदाही न थांबता वळत आला असं धरलं तरी आजवर जेमतेम पाव गिरकी झाली असती. आणि पहिल्या दिवशी हा होता कुठे? तुकडे गोळा करत करत खूप नंतर जमला.

एवढीशी का होईना, ही गिरकी त्याची स्वतःची नाही. शेजाऱ्यांनी दिलेली आहे. ही कल्पना फ्रेड हॉईल यांनी 1949 मध्ये मांडली: द्रव्याचं ढेकूळ अजून पुरतं आकसलेलं नसतं, वेडंवाकडं असतं, तेव्हा आजूबाजूची ढेकळं त्याच्या एका टोकाला जास्त ओढतात, दुसऱ्याला कमी. चंद्र गिरगावच्या किनाऱ्यावर भरती आणतो तोच हा ओढीतला फरक. त्यानं ढेकळाला पीळ बसतो. पुढे ते आकसलं की शेजाऱ्यांना धरायला टोक उरत नाही आणि पीळ द्यायचं काम थांबतं. बालपणी जे मिळालं ते मिळालं. त्यानंतर बदल होतो तो एखादं दुसरं प्रभामंडळ येऊन आदळलं तर. मग गिरकी एकदम वाढते, कधी तिची दिशाच बदलते.

याच हॉईल यांचे शिष्य जयंत नारळीकर 1972 मध्ये केंब्रिजहून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आले आणि 1989 पर्यंत तिथेच होते. गुरू-शिष्य दोघांचंही महास्फोटाच्या सिद्धान्ताशी कधी जमलं नाही. हॉईल यांची भरतीची कल्पना आज ज्या सिम्युलेशनांत कणाकणानं पडताळली जाते ती बहुतेक सगळी महास्फोटाच्याच चौकटीतली आहेत. नावडत्या घरात आपलं पोर सुखानं नांदतंय हे पाहून हॉईल चिडले असते की खूश झाले असते? मला वाटतं, दोन्ही.

कुलाब्यातच पीएचडी केलेले असीम परांजपे आता पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रभामंडळाचा परिसर तपासला: शेजारची ओढ सगळीकडून सारखी आहे की एकाच दिशेला जास्त, आणि त्याचा प्रभामंडळाच्या अंगच्या गुणांशी किती संबंध आहे. संबंध चांगलाच घट्ट निघाला. माणूस कोणत्या वाडीत वाढला हे विचारल्याशिवाय आमच्या गिरगावात ओळख पुरी होत नाही. इथेही बहुधा तसंच.

एक मात्र विसरू नये. गिरकीचं वरचं सगळं चरित्र संगणकानं सांगितलेलं आहे. टीआयएफआरमध्ये 1960 मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकाच्या स्मृतीत 2048 शब्द मावत. एका कणाची जागा आणि वेग लिहायला सहा आकडे लागतात, म्हणजे सूचनांना जागा न ठेवताही 341 कण. पीबल्स यांनी 1970 मध्ये एक दीर्घिकासमूह खरोखरच 300 कणांत उभा केला होता. 2005 च्या मिलेनियम सिम्युलेशनमध्ये 1000 कोटी कण होते. ऐकायला भारी, पण त्यातला एकेक ‘कण’ शंभर कोटी सूर्यांहून जड. लहान प्रभामंडळाच्या वाट्याला असे दोन-चारशेच कण येतात, आणि त्यातले चार उनाड निघाले तरी गिरकीचा आकडा बिघडतो. म्हणून लहानांच्या गिरकीबद्दल कुणी छातीठोक बोललं की मी आधी कण विचारतो.

प्रभामंडळाची गिरकी दीर्घिकेला वारशानं मिळते, असं 1980 पासून मानलं जातं. वायू थंड होतो, आत घसरतो, घसरताना वेग धरतो आणि तबकडी बनतो. ज्याची गिरकी मोठी त्याची तबकडी मोठी. हिशोब सुबक आहे. मला तो पूर्वीपासून जरा जास्तच सुबक वाटतो. वायूचाही हिशोब ठेवणाऱ्या अलीकडच्या सिम्युलेशनांत काही ठिकाणी हा संबंध फार फिका निघालाय. प्रभामंडळाचा आस आणि तबकडीचा आसही सहसा जुळत नाहीत. तीसेक अंशांचा फरक सहज असतो.

आपल्या स्वतःच्या प्रभामंडळाचं वळणं मोजता येईल का, याची खटपट चालू आहे. फुटलेल्या लहान दीर्घिकांच्या ताऱ्यांचे लांबच लांब पट्टे आकाशगंगेभोवती गुंडाळलेले आहेत. प्रभामंडळ वळत असेल तर या पट्ट्यांना किंचित पीळ दिसायला हवा. मोनिका वल्लुरी आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये धनू राशीतल्या लहान दीर्घिकेच्या पट्ट्यासाठी तसा हिशोब मांडलाय. अडचण एकच: मोठा मॅजेलन मेघ ही शेजारची दीर्घिका. मुंबईहून तो दक्षिण क्षितिजाच्या वर दोन अंशही धड चढत नाही, कुलाब्याच्या टोकावरूनही धुरकटात दिसायचा नाही. पण वजन आकाशगंगेच्या दहाव्या हिश्शाहून जास्त, आणि सध्या तो इतका जवळ आलाय की आपल्या सगळ्या प्रभामंडळालाच हिसके बसताहेत. पट्ट्यातला पीळ प्रभामंडळाच्या वळण्याचा किती आणि या पाहुण्याच्या ओढीचा किती, हे आधी वेगळं करावं लागणार आहे.