परसातील काकडीचा मांडव

निवृत्त मास्तराच्या हाती दोन गोष्टी उरतात. एक वेळ आणि दुसरी उपदेश. उपदेश ऐकण्यास घरात कोणी मोकळे नसते. निदान वेळ तरी सार्थकी लावावा, या हेतूने आम्ही वाईच्या घरामागील परसात काकडी लावण्याचे मनात आणले. परस म्हणजे तरी केवढे? विहीर आणि शेजाऱ्यांची भिंत यांच्यामधील सहा हात लांब व दोन हात रुंद अशी पट्टी! परंतु ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य, तेव्हा त्या दिवशीच्या भाजीतील काकडी तरी हातांनी खणलेल्या मातीतली असावी, असा घरातून आग्रह होता.

पहिल्या वर्षी वेल जमिनीवरच सोडले. पावसाच्या झडीत मातीस टेकलेली फळे कुजली, पाने भुरीने पांढरी पडली, आणि पंचमीस काकडी मंडईतूनच आली. "तुमच्या बागेपेक्षा मंडई बरी, निदान पिशवी तरी भरते," एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी आम्ही विचारपूर्वक आरंभ केला. जूनच्या मध्यास हात-हात अंतरावर आळी करून त्यांत मुरलेले शेणखत मिसळले. प्रत्येक आळ्यात पुणेरी खिऱ्याच्या तीन बिया अर्ध्या पेराइतक्या खोल टोचल्या. आठवडाभरात रोपे वर आली. प्रत्येक ठिकाणी जोमदार ते एक राखून बाकीची कात्रीने छाटली; उपटली असती तर राखलेल्याच्या मुळांस धक्का बसता. भिंतीलगत चांगले मनगटाएवढे बांबू रोवले आणि वेलांनी आता वर चढावे, अशी अपेक्षा करीत बसलो.

वेलांस तणावे फुटले. पण ते बांबूस काही धरीनात. चोख आधार देऊनही तो न घेणे, हा आम्हांस अविनय वाटला. छत्तीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या हातांनी आम्ही प्रत्येक वेल सुतळीने बांबूस आवळून बांधला. आठ-दहा दिवसांत सर्वांत जोमदार वेल दुपारी माना टाकू लागला. जवळ जाऊन पाहतो तो काय, खोड जाड झाले होते आणि आमची सुतळी त्यात रुतली होती.

येथे थोडे घरातले सांगणे प्राप्त आहे. आमचे थोरले चिरंजीव नागपुरास बँकेत आहेत. त्यांस कृषी महाविद्यालयात जावयाचे होते. "मास्तराच्या मुलाने ढेकळे फोडायची काय?" असे म्हणून आम्ही त्यांस वाणिज्य शाखेस घातले. त्यांनी शब्द मोडला नाही. मात्र तेव्हापासून आम्हा उभयतांचे बोलणे प्रकृती आणि पैसा या दोन विषयांपलीकडे गेले नाही. त्या दिवशी त्यांचा फोन आला असता आम्ही तो सौभाग्यवतींकडून मागून घेतला आणि वेलाची हकीकत सांगितली.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "बाबा, तणाव्याच्या कवेत जाड बांबू मावत नाही. त्याला बारीक दोरी द्या, तो आपण होऊन धरील. आणि बांधायचेच झाले तर आईच्या जुन्या पातळाची चिंधी घ्या. एक वेढा दोरीला, एक वेलाला, मध्ये पीळ. सैल ठेवा. खोड वाढणार, हे धरूनच बांधायचे असते."

आम्ही त्यांस शिष्यभावाने विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता!

त्याच सायंकाळी दोन आडव्या काठ्यांमध्ये काथ्याच्या दोऱ्या उभ्या ताणल्या. दुसऱ्या दिवशी पाहावे तो तणाव्यांची टोके दोरीस वेढे घालून बसलेली! पुढे प्रत्येक तणाव्याचा मधला भाग गुंडाळून त्याची कमान झाली. अर्धे वळसे एका दिशेने व अर्धे उलट. डार्विनने १८६५ साली वेलींच्या चलनावर लिहिलेल्या निबंधात या रचनेचे वर्णन केले आहे. वारा आला की तणावा लांबतो, ओसरला की आखडतो. वेल तुटत नाही.

आरंभी आलेली फुले गळू लागली तेव्हा आम्ही पुन्हा घाबरलो. पण ती नरफुले होती. मागाहून आलेल्या मादीफुलांच्या देठाशी करंगळीएवढी काकडी असते, हे सौभाग्यवतींनी दाखविले. सकाळी मधमाश्या फिरत, म्हणून त्या वेळी आम्ही काही फवारीत नसू. तांबडे भुंगेरे हातांनीच वेचीत असू. पावसाने उघडीप दिली की पाणी नियमाने घालीत असू, कारण पाण्याचा ताण पडला तर काकडी कडू होते.

मृत्युंजय मंत्रातील उर्वारुकाचा दृष्टान्त आम्ही वर्षानुवर्षे शिकविला. पक्व फळ देठापासून सहज सुटते, तशी मुक्ती मिळावी, असा त्याचा आशय. प्रत्यक्षात चिबूड तसा सुटतो. परसातली काकडी सुटत नाही, ती कापून घ्यावी लागते. ओढल्यास वेल दुखावतो. आणि वेळेवर काढली नाही, तर जून फळाच्या पोषणात गुंतून वेल नवी फळे धरीनासा होतो. हे मात्र आम्ही वर्गात कधी सांगितले नव्हते, कारण आम्हांसच ठाऊक नव्हते.

चिरंजीव गणपतीस आले. दुसऱ्या दिवशी पंचमी. सकाळी परसात आम्ही त्यांच्या हाती कात्री दिली. "देठ जरा राखून," हे शब्द ओठांवर आले होते. ते आम्ही गिळले. त्यांनी देठ बोटभर राखूनच काकडी कापली, मांडवाकडे खालून वर पाहिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी हा थोडा तिरपा करू, बाबा. फळे खाली लोंबतील, काढायला सोपी जातील."

"करू," आम्ही म्हटले. एक काकडी बियाण्यासाठी वेलावरच पिकत ठेवली आहे.