दरडीतली बिऱ्हाडं

वारणेच्या काठावर रान असणाऱ्याला नदी दोनदाच आठवते. मोटरीचा फुटवाल उघडा पडला की, नाहीतर पूर उसात शिरला की. मधल्या दिवसांत तिच्या काठानं कुणाकुणाची बिऱ्हाडं असतात, ते बघायला सवड नसते.

आमच्या गावातली पाच-सहा पोरं आणि आम्ही तिघं म्हातारे दर रविवारी नदीला जातो. पगार नाही, हजेरी नाही. जलपर्णी ओढून काठावर वाळत टाकायची, प्लॅस्टिक गोळा करायचं, पावसाच्या तोंडाला वाळुंजाच्या फांद्या रोवायच्या. वाळुंज लई गुणी झाड. ओल्या काठात फांदी खोचली की फुटतं, पुरात वाकतं पण मूळ सोडत नाही. काम झालं की एक पोरगं वही काढून दिसलेली पाखरं लिहितं : वंचक, पाणकावळा, टिटवी, नदीसुरय.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनी काठ तासला. माझ्या रानाच्या कडेला दोन पुरुष उंच उभी दरड राहिली. उसाच्या दोन सऱ्या गेल्या, ते नुकसानच. पण पुढं त्या दरडीत भोकं दिसाय लागली. कवड्या खंड्या चोचीनं माती उकरून दोन-तीन हात आत बीळ नेतो आणि शेवटाला अंडी घालतो. त्याला उभीच माती लागते. उतरत्या काठावर मुंगूस सहज पोचतं. शेजारी वेडे राघूही राहायला आले.

यंदा उन्हाळ्यात बांधाच्या पलीकडच्या आबांनी जेसीबी आणला. स्वतःची दरड उतरती करायची होती. जाता-जाता माझीही करून देतो म्हणाले.

“तात्या, पाखरांपायी रान घालवतोस व्हय?”

“आबा, पिल्लं उडू द्या, मग बघू.”

“जेसीबी थांबतोय होय तवर?”

थांबला नाही. आबांची बाजू उतरली, माझी राहिली. दरड आणखी ढासळली तर माझंच रान जाणार, हे मला कळतं. म्हणून वरच्या दोन सऱ्या ऊस न लावता सोडल्यात. तिथं करंज आणि उंबर लावलेत. पायथ्याला वाळुंज आहे. घरात त्या दोन सऱ्यांच्या टनांचा हिशेब अजून निघतो.

वहीत यंदा अकरा बिळं लिहिलीत.

आबा संध्याकाळी म्हसरं पाण्यावर आणतात. खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबतो अन् सूर मारतो, ते बघत उभे राहतात. परवा विचारलं,

“तात्या, उडाली का रं पिल्लं?”

“अजून नाय, आबा.”