दोन बदामावर बिनहुकुमी

ब्रिज हा शांत, सभ्य लोकांचा खेळ आहे, असा बाहेरच्या माणसांचा समज असतो. तो टिकवायचा असेल तर त्यांना 'कमजोर बोली' दाखवू नये.

कमजोर बोली म्हणजे हातात बदामाची ६ पानं, आणि पत्त्यांच्या जोडात एकूण ४० पॉइंट असताना वाट्याला आलेले जेमतेम ७-८. अशा माणसाने वास्तविक गप्प बसावं. पण तो एकदम 'दोन बदाम!' म्हणून मोकळा होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं ते हेच. हॉवर्ड शेंकन या अमेरिकन खेळाडूकडे या युक्तीचं श्रेय जातं. त्यात लबाडी नाही. आपण कमजोर आहोत हे तो उघडपणे सांगतो. फक्त आपली वाट अडवतो. पहिल्या मजल्यावर भिडूशी ज्या चौकशा करायच्या, त्या बुडतात आणि संसार थेट दुसऱ्या मजल्यावर थाटावा लागतो.

यावर उत्तर म्हणजे 'दोन नो ट्रम्प'. त्याला १५ ते १८ पॉइंट, चारही रंगांची बरी वाटणी आणि बदामात एक तरी अटकाव हवा. पुस्तकात हे एका ओळीत असतं. (पुस्तकं लिहिणाऱ्यांचे भिडू कोरा हात घेऊन समोर बसत नसावेत.) आपल्याकडे १६, बोली करणाऱ्याकडे ८, राहिले १६. ते भिडूकडे आहेत की डावीकडच्या गृहस्थांकडे, हे कळायच्या आत ८ हात करण्याची जबाबदारी अंगावर येते. ते गृहस्थ हळूच 'डबल' म्हणाले, की समोरचा चहा कडू लागतो.

आमच्या मामांना याची भीती नाही. ते नो ट्रम्पला अजून 'बिनहुकुमी' म्हणतात. मामींची नि त्यांची जोडी ४० वर्षं खेळली, आणि भांडण ४० वर्षं एकच. 'एक बदाम'वर उडी मारून दोन नो ट्रम्प म्हटलं, तर अर्थ असा की माझ्याकडे चौकट नि किलवर आहे, त्यातलं एक निवड. कमजोर 'दोन बदाम'वर म्हटलं, तर ते खरंखुरं बिनहुकुमी. मामी दोन्ही वेळा शांतपणे 'तीन किलवर' म्हणायच्या.

"अगं, इथे तसं नाही!"

"अहो, मग तसं सांगायचं होतं!"

सांगायची सोय असती तर ब्रिज कोण कशाला खेळलं असतं?

मामी जाऊन ३ वर्षं झाली. मामांचं बोलणंच कमी झालं. दर गुरुवारी संध्याकाळी मी मामींच्या खुर्चीत बसतो, तेव्हा जे चार शब्द त्यांच्या तोंडून येतात ते बोलीचेच. त्यामुळे मामा बोलले की भाचा म्हणून मला बरं वाटतं, भिडू म्हणून धडकी भरते.

गेल्या महिन्यात त्यांच्या उजवीकडून 'दोन बदाम' आलं. मामांनी चष्मा पुसला. "दोन बिनहुकुमी." माझ्याकडे ८ पॉइंट होते, मी 'तीन' केलं. उतारी अर्थातच बदामाची. मामांकडे बदामाचा एक्का आणि दोन फुटकळ पानं. मला वाटलं, एक्का मारतील. मामांनी तिर्री टाकली. बदाम पुन्हा आला, तेव्हा कुठे एक्का.

आता हिशेब बघा. बदामाची ६ पानं उजवीकडे, ३ मामांकडे, २ माझ्याकडे. डावीकडे उरली दोनच, आणि तीही संपली. डावीकडच्यांनी पुढे हात घेतला तरी ते बदाम उतरणार कुठून? उजवीकडच्यांकडे बदामांची वरात सजून तयार, पण तिला मांडवात आणायला दुसऱ्या रंगाचा एक्का नाही की राजा नाही. कमजोर बोली केली होती ना! सगळी पुंजी बदामाच्या राजा, राणी, गुलामातच संपली होती, आणि हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं.

९ हात झाले. मामा पानं गोळा करता करता माझ्याकडे बघत राहिले.

"तीन किलवर म्हणाला नाहीस," ते म्हणाले.

ते कौतुक होतं की तक्रार, मला अजून कळलेलं नाही.